अविवाहित राहील तोपर्यंत

सोमवार, ५ जानेवारी १९८७

काल दुपारी घरी आणलं. रुग्णवाहिका फाटकापाशी थांबली आणि तिथून स्ट्रेचरवर तीन जिने. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना, तेव्हा स्ट्रेचरवाल्या दोघांनी मला भिंतीला टेकवून जवळजवळ उभाच केला. समोरच्या सुहासिनीबाई दारात येऊन म्हणाल्या, "धुरीकाका, जपून हां." जसं काही मीच मला उचलत होतो.

खुब्यात सळई घातली आहे. बाथरूममध्ये साबणावर पाय पडला, एवढंच निमित्त. डॉक्टर म्हणतात, तीन महिने जिना विसरा. नंदू म्हणाला, "बाबा, कांदिवलीला चला. आमचं तळमजल्याचं आहे." मी नाही म्हटलं. मुलाच्या घरी पाहुणा होऊन राहणं मला जमायचं नाही. सूनबाई मीरा शेजारीच उभी होती. तिनेही आग्रह केला नाही, हे एका परीने बरंच झालं.

ही डायरी नंदूच्या कंपनीची. म्हणाला, वेळ जाईल.

गुरुवार, ८ जानेवारी

माझी मुलगी नलिनी आजपासून ड्युटीवर गेली. ती अंधेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे, एवढी रजा मिळत नाही. जाताना उशाशी पाणी, बिस्किटं, ट्रान्झिस्टर आणि खाटेखाली भांडं ठेवून गेली. दार उघडायला मला उठता येत नाही, म्हणून बाहेरून कुलूप. एक किल्ली सुहासिनीबाईंकडे. त्या दुपारी येऊन जेवण वाढतात.

कुलूप लागल्याचा आवाज मोठा होतो हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी नेहमी कुलपाच्या बाहेरच्या बाजूला होतो.

दिवसभर छताकडे बघून एक गोष्ट ठरवली. हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवर कुर्ल्याचे धोंडिराम म्हणून एक गृहस्थ होते. ते पहाटे गेले, आणि सकाळचा चहा यायच्या आत त्यांचे दोन मुलगे वऱ्हांड्यात घरावरून भांडायला लागले होते. प्रेत अजून खाटेवरच होतं. माझ्या मागे असं व्हायला नको. मृत्युपत्र करायचं.

वकील करायचा नाही. मी वॉर्ड ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. माझ्या मसुद्यावर साहेबांनी कधी लाल रेघ ओढली नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. आपल्या हाताने लिहावं, तारीख घालावी, दोन साक्षीदारांदेखत सही करावी आणि त्यांनी आपल्यादेखत करावी. साक्षीदार असा असावा की ज्याला त्या कागदातून काही मिळणार नाही. बस्स. यात वकिलाचं काय काम?

रविवार, ११ जानेवारी

पहिला मसुदा केला. "मी, गुणाजी धुरी, वय ६७, राहणार अंधेरी पूर्व, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाशिवाय..." इथवर झकास झालं. पुढे अडलो. द्यायचं आहे ते हेच: दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नंदूला कांदिवलीचं घर आहे, बायको आहे. नलिनीला काय? ती एकोणचाळीसची आहे. तिची आई रुक्मिणी जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून हे घर नलिनीच्याच हातावर चाललंय. आता तिचं लग्न व्हायचं राहून गेलं ते गेलं.

अकरा वाजता भिकाजी आला. हा वेसाव्याचा कोळी, एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक आहे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही, घरी म्हातारी आई. माणूस गुणी. आपल्या टेलिफोनचा अर्ज किती वर्षं पडून आहे, त्याची चौकशी करायला येतो आणि येताना काहीतरी आणतो. आज बोंबील आणले होते, हाताला लागताच थरथरत होते इतके ताजे. माझ्याशी वॉर्ड ऑफिसच्या जुन्या गोष्टी बोलत तासभर बसला. त्याला माझ्या गोष्टी आवडतात. हल्ली ऐकणारी माणसं कुठे मिळतात?

नलिनीने बोंबील तळले. मी आठ खाल्ले.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. नंदू आणि मीरा तिळगूळ घेऊन आली. नलिनी ड्युटीवर होती. मी नंदूला मृत्युपत्राचं सांगितलं. त्याने मसुदा दोनदा वाचला.

"तो भिकाजी फार येतो का हो?" मध्येच विचारलं.

"येतो की. परवाच बोंबील घेऊन आला होता."

नंदूने मसुद्याची घडी घातली. मग म्हणाला, "बाबा, ताईला घर द्या, माझं काही म्हणणं नाही. पण उद्या कोणी तिला भुलवलं तर? एकट्या बाईकडे घर आहे म्हटल्यावर लोक काय वाटेल ते करतात. एक ओळ घाला ना. लग्न होईपर्यंत तिने राहावं, झालं तर घर माझ्याकडे."

मुद्दा बरोबर होता. मला सुचायला हवा होता. मीरा मात्र एकदम उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटत बसली. तिला कधी कशाचा राग येईल सांगता येत नाही.

रविवार, १८ जानेवारी

दुसरा मसुदा. मधलं कलम इथे उतरवून ठेवतो, कारण ते चांगलं साधलं आहे:

"माझी कन्या नलिनी ही अविवाहित राहील तोपर्यंत सदर जागेत राहण्याचा तिला पूर्ण हक्क राहील व त्यास कोणीही हरकत घेऊ नये. तिचा विवाह झाल्यास अगर ती मयत झाल्यास सदर जागा माझा पुत्र नंदकुमार याची होईल."

यात सगळं आलं. तिच्या डोक्यावरचं छप्पर कोणी काढू शकत नाही, आणि घर घराण्यातच राहतं. नलिनीला वाचायला दिलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं. वाचून झाल्यावरही कागद हातातच धरून होती. मग म्हणाली, "अक्षर अजून छान आहे तुमचं, बाबा." आणि भात लावायला गेली. गहिवरून आलं असणार. आमच्या घरात बोलून दाखवायची रीत नाही.

बुधवार, २८ जानेवारी

विशेष नाही. समोरच्या इमारतीवर कोणीतरी टीव्हीचा अँटेना फिरवतो आणि खाली ओरडतो, "आलं का?" खालून उत्तर येतं, "गेलं!" दिवसभर हेच. ट्रान्झिस्टरचा सेल संपला. सुहासिनीबाईंना सांगायला विसरलो, आणि एकदा दाराला कुलूप लागलं की विसरलेलं दुसऱ्या दिवसावर जातं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही कळत नाही.

नलिनी सहापर्यंत येते. आज सात झाले तरी आली नाही. सुहासिनीबाई बहिणीकडे वाकोल्याला गेल्या होत्या, किल्ली त्यांच्याबरोबर. दिव्याचं बटण भिंतीवर, तिथवर हात पोचत नाही. दुपारपासून भांडं भरलेलं. मी दोनदा हाक मारली. जिन्यावरून कोणीतरी गेलं, थांबलं नाही. मग उठायचा प्रयत्न केला आणि खाटेवरून खाली आलो. पडलो नाही, घसरत आलो. पण परत वर जाता येईना. तिथेच लघवी झाली. मी अंधारात, ओल्या लेंग्यात, फरशीवर बसून होतो.

साडेसातला कुलूप निघालं. नलिनी आणि तिच्या मागे भिकाजी. मी तिच्यावर ओरडलो, मालवणीतच ओरडलो, तिच्या आईवर ओरडायचो तसा. "खंय होतंस गो? बाप मेलो काय बघूक इलंस?"

ती रडायला लागली. भिकाजीने दिवा लावला, मला काखेत हात घालून उचललं, खाटेवर बसवलं. नलिनीला बाहेर पाठवून त्यानेच माझा लेंगा बदलला, गरम पाण्याने पाय पुसले. म्हणाला, "काका, माझे बाबा दोन वर्षं अंथरुणावर होते. मला सवय आहे." मग फरशी पुसून गेला.

नलिनी म्हणते एक्स्चेंजमध्ये काम निघालं. असेल. तिच्या चपला दारात होत्या, वाळूने भरलेल्या. स्टेशनजवळ रस्त्याचं काम काढलं आहे वाटतं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

विचार केला, साक्षीदार भिकाजीच योग्य. परका आहे, सज्जन आहे, त्याला या कागदातून काही मिळायचं नाही. दुसऱ्या साक्षीदार सुहासिनीबाई. नलिनीला सांगितलं, तर तिचा चेहरा पडला. "ते नकोत, बाबा."

"का नकोत?"

"दुसरं कोणीही घ्या. डॉक्टरांना घ्या."

"डॉक्टर तीन जिने चढून माझ्या सहीसाठी येणार आहेत? भिकाजीत काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही." आणि ती ओट्याकडे वळली.

कोळ्याची सही आमच्या कागदावर नको असं तिला वाटतं की काय? माझी मुलगी असा भेद करत असेल तर वाईट आहे. मी स्वतः कधी केला नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज सह्या व्हायच्या होत्या, झाल्या नाहीत.

सुहासिनीबाई चष्मा घेऊन आल्या. भिकाजीही आला. नलिनी नको नको म्हणत होती, तरी मी त्याला मुद्दाम निरोप पाठवला होता. खरं म्हणजे साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही आपल्यासमोर झाली एवढंच त्याने सांगायचं असतं. पण मसुदा चांगला साधला होता, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवला. "अविवाहित राहील तोपर्यंत" पाशी सुहासिनीबाईंनी नलिनीकडे पाहिलं. नलिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मी सही केली. सुहासिनीबाईंनी केली. भिकाजीच्या हातात पेन दिलं. त्याने टोपण काढलं, कागदाकडे बघितलं, आणि टोपण परत लावलं.

"काका, मला या कागदावर सही करता येणार नाही."

"अरे, तुला कोर्टात कोणी उभं करणार नाही!"

"त्याची भीती नाही."

"मग?"

त्याने नलिनीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच बघत होता. "दुसरं काहीही सांगा. रोज येऊन तुम्हाला उचलीन, बसवीन. पण ही सही नाही." पेन माझ्या पांघरुणावर ठेवलं आणि गेला. आणलेलं पापलेट ओट्यावर तसंच.

मला अतिशय राग आला. शेवटी हे लोक कागदाला घाबरतात ते घाबरतातच. सुहासिनीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "काका, तुम्ही हुशार आहात ना?" हे काय बोलणं झालं?

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

नलिनी कामापुरतं बोलते. आठवड्यात भिकाजी आला नाही. पापलेट खाल्लं, टाकायचं कसं?

खिडकीतून आकाशाचा एक तुकडा आणि समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. मी टाक्यांना नावं द्यायला लागलो आहे. हे लक्षण बरं नव्हे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज दुपारी मीरा एकटीच आली. सुहासिनीबाईंकडून किल्ली घेऊन दार उघडलं, पिशवी खाली ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "बाबा, मी इथे आले हे यांना सांगू नका. सही झाली का?"

"एक राहिली आहे. तो भिकाजी घाबरला."

"तुम्हाला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?"

"काय कळायचं?"

"त्या माणसाला ताईंशी लग्न करायचंय. ताईंनाही करायचंय. यांनी दोघांना जुहूला पाहिलं तेव्हापासून यांना ठाऊक आहे. ती ओळ यांनी तुमच्याकडून उगाच नाही लिहून घेतली. आणि तुम्ही त्याच माणसाला बोलावून, वाचून दाखवून, वर सही मागितलीत!"

मी म्हटलं, असं काही नाही.

"बरं, नाही तर नाही," मीरा म्हणाली. तिने मला चहा करून दिला, भांडं साफ केलं, गेली.

ती गेल्यापासून मी आधीची पानं वाचतो आहे. बोंबील. वाळू. त्याचं पेन. मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे सगळं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज विचारलं. ती मेथी निवडत होती.

"भिकाजीचं आणि तुझं काय आहे?"

"लग्न करायचं आहे." मान वर न करता.

"कधीपासून?"

"आई होती तेव्हापासून. आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, यांच्या कानावर मी घालते, घाई नको. मग ती आजारीच पडली."

"मग मला नाही सांगायचं?"

"कधी सांगायचं? आईच्या वर्षश्राद्धाला? तुम्ही रिटायर झालात आणि सहा महिने कोणाशी बोलत नव्हतात तेव्हा? दर वेळी वाटलं, आता नको, बाबांना सावरू दे. आता तर तुमचा पाय."

"तो कोळी आहे, नलिनी."

"हो. आणि त्याने आणलेल्या पापलेटचं डोकं तुम्ही चोखून खाल्लंत."

मग म्हटलं, मी तुझ्या भल्यासाठी ते कलम घातलं, तुझ्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही जिवंत आहात तोवर मी आहेच इथे. कुठे गेले का? पण तुम्ही मेल्यावरसुद्धा मी कोणाची होऊ नये, असं लिहिलंत तुम्ही."

पुढचं लिहवत नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

नंदूचं मी ऐकलं, पण नंदूने माझा हात धरून लिहवून घेतलं नाही. मला ते कलम आवडलं होतं. का आवडलं, हे दोन दिवस स्वतःला विचारतो आहे. तिने जाऊ नये असं मला वाटतं. ती गेली तर दार कोण उघडणार, भांडं कोण उचलणार, भाकरी कोण टाकणार. खरं कलम एवढंच होतं. बाकी सगळी कारकुनी.

"कोणाच्याही दडपणाशिवाय" असं लिहिलं आहे मी पहिल्याच ओळीत. माझ्यावर नाही, माझंच दडपण तिच्यावर.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

कागद फाडला. सुहासिनीबाईंची सही होती त्यावर, त्यांना सांगायला हवं.

नलिनीला म्हटलं, घर तुझ्या नावाने लिहितो, बिनअटीचं. लग्न कर, काही कर. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, "कराल ते तुमच्या इच्छेने करा. पण त्याने काय होणार?"

रात्रभर मला कळलं नाही ती असं का म्हणाली. सकाळी कळलं. मृत्युपत्र मी मेल्यावर चालू होणार. माझे वडील नव्वद वर्षं जगले. मी तसा जगलो तर नलिनी बासष्टची होईल. तोवर कागद कितीही चांगला लिहिला तरी तिच्या उपयोगाचा नाही. तिला जे हवं ते मला जिवंतपणीच द्यावं लागणार, आणि त्याचा मसुदा मला माहीत नाही.

रविवार, १ मार्च

भिकाजी आला. मीच बोलावलं. मी म्हटलं, "बस." तो बसला. माफी मागायचं मनात होतं. पण "आई कशी आहे?" एवढंच विचारलं.

"बरी आहे. त्या मंगळवारी छातीत दुखायला लागलं होतं, म्हणून नलिनीला घेऊन घरी गेलो होतो. आईला वाटलं आता जातेय, सुनेचं तोंड तरी बघते. तिथेच उशीर झाला. तुमचे हाल झाले, त्याबद्दल मला आजपर्यंत वाईट वाटतं, काका."

नलिनीने विचार करून ठेवला होता. म्हणाली, लग्न करून दोघं इथेच राहू, म्हणजे तुमचंही होईल. मी भिकाजीकडे पाहिलं. तो लगेच म्हणाला, "मी तयार आहे. आईला भाऊ बघतील." पण बोलताना त्याने खाली बघितलं. आणि नलिनीला मी बघितलं. ती तेव्हासुद्धा माझं पांघरूण नीट करत होती. तसं केलं तर तिला नवरा मिळेल, पण दिवस हाच राहील. सकाळी भांडं, संध्याकाळी भांडं, मध्ये कुलूप. एका माणसाऐवजी दोन माणसं अडकतील.

मी म्हटलं, विचार करतो.

शुक्रवार, ६ मार्च

मीराला बोलावून घेतलं. इतकी वर्षं मी तिच्याशी "चहा आण" पलीकडे बोललो नव्हतो. विचारलं, "मला कांदिवलीला घेशील का?"

ती पटकन हो म्हणाली नाही, यामुळे माझा तिच्यावर विश्वास बसला. बोटातली अंगठी फिरवत म्हणाली, "बाबा, मला आवडेल असं खोटं नाही सांगत. आमच्याही दोनच खोल्या आहेत. पण करीन मी. सकाळी बाई लावावी लागेल, तुमचं अंग पुसायला मला संकोच वाटेल. आणि माझ्या हातचं सपक लागतं, ते ऐकून घेणार नाही."

"घर मी दोघांना सारखं लिहिणार आहे. नंदूला जास्त नाही."

"तेच बरोबर आहे," मीरा म्हणाली. "यांना राग येईल. येऊ दे."

नलिनीला संध्याकाळी सांगितलं. ती तासभर माझ्याशी भांडली. म्हणाली, मी काय तुम्हाला घालवून देतेय का, लोक काय म्हणतील, तुम्ही तिथे चार दिवस राहणार नाही. मी म्हटलं, तिथे तळमजला आहे, मला रस्ता बघायचा आहे. हे खोटं होतं. मला हीच खाट हवी आहे आणि त्या टाक्या.

रविवार, २२ मार्च, कांदिवली

आज हलवलं. स्ट्रेचर नको म्हटलं, म्हणून लाकडी खुर्चीला बांधून. खाली नंदू, वर भिकाजी. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली, नंदूचा पाय चुकला. भिकाजी म्हणाला, "नंदूशेठ, तुम्ही फक्त पायरी बघा. वजन माझ्याकडे सोडा." नंदूने सोडलं. मला भिकाजीचा श्वास डोक्यावर जाणवत होता.

सुहासिनीबाईंनी जिन्यात डोळ्यांना पदर लावला. टॅक्सीत बसलो तेव्हा ऊन अंगावर आलं. अडीच महिन्यांनी.

नलिनीने माझे कपडे लावून दिले, औषधं कोणती कधी ते मीराला चारदा सांगितलं. मीरा चारही वेळा ऐकत राहिली.

सोमवार, ३० मार्च

पाडवा. मृत्युपत्र लिहिलं. अर्धं पानही झालं नाही. नाव, वय, पत्ता, शुद्धीवर असल्याचं, यापूर्वीचं काही असल्यास रद्द, आणि: "माझी अंधेरी येथील जागा माझ्या पश्चात माझी कन्या नलिनी व माझा पुत्र नंदकुमार यांना समान मिळावी." शेवटी सही आणि तारीख. साक्षीदार इथले डॉक्टर आणि शेजारचे एक मास्तर. डॉक्टर म्हणाले, "एवढंच?" म्हटलं, एवढंच.

नंदूने वाचलं. "अट काढलीत?"

"काढली."

तो पाडव्याचं जेवण अर्ध्यावर टाकून उठला. श्रीखंड मीराने झाकून ठेवलं.

रविवार, १२ एप्रिल

मला इथे करमत नाही. खाट कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बसवली आहे, कूस बदलायची तर आधी कपाटाचं दार बंद आहे ना ते बघावं लागतं. नंदू "बाबा, झोपलात का?" विचारतो आणि उत्तराची वाट न बघता टीव्ही लावतो. तो माझ्याशी बोलतो हेही खूप, आठवडाभर बोलत नव्हता. वॉकर धरून खाटेपासून मोरीपर्यंत जातो. नलिनी असती तर दोन पावलं मागे हात पुढे करून चालली असती. इथे कोणी चालत नाही. त्यामुळे एकदा पडता पडता राहिलो, आणि आता जास्त नीट चालतो.

परत जावं असं रोज वाटतं. एक शब्द टाकला तर नलिनी आजच्या आज न्यायला येईल, हे मला माहीत आहे, आणि तीच पंचाईत आहे.

शनिवार, २५ एप्रिल

वांद्र्याच्या कचेरीत लग्न झालं. मी गेलो नाही, तिथेही जिना. मीरा गेली आणि सही करून आली. शेवटच्या क्षणी नंदूही गेला. नलिनी आणि भिकाजी तिथून इथे पाया पडायला आली. भिकाजीच्या आईने, पुतळाबाईंनी, माझ्यासाठी निरोप पाठवला होता: "त्यांना सांगा, लेक आमची झाली तरी तिचे बाप तेच." भिकाजीने तो जसाच्या तसा सांगितला आणि लाजला. नलिनीने हिरवं लुगडं नेसलं होतं, कोळणी नेसतात तसं नाही, आपल्यासारखंच. केसात पिवळी फुलं. मला रुक्मिणी दिसली असं नाही म्हणणार. नलिनीच दिसली. मी तिला अशी पाहिली नव्हती.

रविवार, १० मे

नलिनी आली होती, एकटीच. भिकाजीची ड्युटी होती. ती खाटेच्या कडेला बसून बोलत होती. पुतळाबाई घोरतात. पहाटे बंदरावर इतका गोंगाट असतो की गजराची गरज नाही. मच्छी निवडताना काटा लागून बोट सुजलं, तर सगळ्या बायका हसल्या. ती सांगताना स्वतःच हसत होती, मधूनच थांबून परत हसत होती. बोट दाखवलं.

साडेचारला तिने घड्याळाकडे पाहिलं. "निघू का, बाबा? आज त्यांच्या बहिणी जेवायला येणार आहेत."

मला सकाळपासून खुबा दुखत होता. तेवढंच सांगितलं असतं तर ती थांबली असती. शेक दिला असता, इथेच स्वयंपाकाला लागली असती, उद्या रजा काढली असती. तोंडावर आलं होतं.

"काही हवंय का?" तिने विचारलं.

"काही नको. उशीर करू नको, रिक्षा मिळत नाहीत."

ती पाया पडली, मीराशी दारात दोन शब्द बोलली आणि गेली. माझी खिडकी मागच्या बाजूला उघडते, त्यामुळे जाताना दिसली नाही. फाटकाची कडी वाजली, मग रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, तो नाक्यापर्यंत ऐकू येत राहिला.

मग मीराला हाक मारली आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी मागितली. ती म्हणाली, "ताई होत्या तेव्हा सांगायचं ना!"

म्हटलं, तेव्हा दुखत नव्हता.